भिंगरीच्या प्रवासासाठी तीन पत्रं

माझी ताई मागण्यात पटाईत. स्वतःसाठी नाही. स्वतःसाठी ती शेजारणीकडे वाटीभर साखरसुद्धा मागणार नाही. बिनसाखरेचा चहा पिईल आणि वर म्हणेल, असाच बरा लागतो. पण दुसऱ्यासाठी मागायचं म्हटलं की तिच्या पेनाला धार येते. बावीस वर्षं तिने एका मोठ्या वर्तमानपत्राच्या वर्गणी विभागात काढली. ज्यांची वर्गणी संपली त्यांना आठवणीचं पत्र पाठवायचं, एवढंच काम. छापील मजकूर तयार होता, नुसतं नाव घालायचं. पण ही बाई प्रत्येकाला वेगळं लिहायची. 'तुमचा अंक थांबलाय. विसरलात, की रागावलात? विसरला असाल तर हे पत्र आठवण समजा. रागावला असाल तर कशावरून ते कळवा, मी संपादकांशी भांडते.' लोक हसायचे आणि वर्गणी भरायचे. काही जण खरंच रागाचं कारण लिहून पाठवायचे, आणि ही खरंच जाऊन भांडायची.

मग ते वर्तमानपत्र एका सिमेंटवाल्याने विकत घेतलं. त्याने पहिलं काय केलं, तर परदेशी बातम्यांचा विभाग बंद केला. बातम्या बाहेरून आयत्या मिळतात, तर माणसं कशाला पाठवायची, असं त्याचं म्हणणं. संपादक आणि दोन वार्ताहर राजीनामा देऊन बाहेर पडले आणि टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांनी स्वतःचं साप्ताहिक काढलं. तेही कागदावर नाही, इंटरनेटवर. ताईला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपली एका सोमवारी तिथे गेली, खिडकीजवळचं टेबल पुसलं आणि बसली. मी म्हटलं, "अगं, चांगली नोकरी सोडून हे काय खूळ?" तर म्हणते, "तिथे आता भांडायला संपादकच उरला नाही."

या साप्ताहिकाला मालक नाही, जाहिराती नाहीत. वाचकांच्या वर्गणीतून पगार कसेबसे निघतात. वार्ताहराला परदेशात पाठवायचं तर तिकीट, दुभाषा, गाडी, विमा, सगळ्यासाठी वाचकांपुढे वेगळा हात पसरावा लागतो. दर दौऱ्याला एक पत्र, आणि ते पत्र ताईचं. कार्यालयात तिला आवाहनबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला ते आवडतं.

आता मी कोण, तर तिचा धाकटा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करतो. दाजी गेल्यापासून आम्ही दोघं एकाच घरात राहतो, कारण भांडायला दोघांनाही घरचंच माणूस लागतं. जगात कुठे काय चाललंय याचं मला सोयरसुतक नाही. आठव्या मजल्याची लिफ्ट सहाव्यावर का अडते एवढं कळलं तरी माझा दिवस भरतो. ताईला नेमका असाच माणूस हवा असतो. प्रत्येक पत्र पाठवण्याआधी ती मला वाचून दाखवते. मी जांभई दिली की तो परिच्छेद उडाला. मी नुसतं 'बरं' म्हटलं की दोन ओळी कमी. आणि मी खाता खाता थांबून 'मग?' असं विचारलं, की स्वारी खूश. "लोक देशाला पैसे देत नाहीत रे," ती म्हणते, "माणसाला देतात."

पैसे जमले आणि वार्ताहर विमानात बसला, की घरात माझे हाल सुरू. ताई जेवते ती उभ्याने. झाडांना दोनदा पाणी घालते, पुसलेला ओटा पुन्हा पुसते, मोबाइल उलटा ठेवते आणि लगेच सुलटा करते. एकदा मी दोन मजल्यांच्या मधे, लिफ्टच्या डोक्यावर बसून वायर तपासत होतो, आणि हिचा फोन. "तिकडे आत्ता दुपार असेल ना रे?" मी म्हटलं, "ताई, मला इथे वर काय आणि खाली काय ते दिसत नाहीये, तिकडची दुपार कुठून सांगू?"

त्या दोन वार्ताहरांपैकी एक मुलगी. मुलगी म्हणजे बत्तीस वर्षांची आहे, पण ताईला ती मुलगीच. तिच्या पायाला भिंगरी, म्हणून नावच भिंगरी पडलं. पाठीवर एक पिशवी, दोन शर्ट, एक वही, चालली. गेल्या वर्षी भिंगरीच्या कानावर एक गोष्ट आली. दूरच्या एका थंड देशात बंदराजवळ मासळीचं मोठं कोल्ड स्टोरेज आहे. आपल्याकडचे आठ जण एजंटमार्फत तिथे कामाला गेले होते. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, पगार अर्धा, आणि हातमोजे इतके पातळ की थंडीने बोटं काळी पडायची. हे कुणी सांगितलं, तर आमच्याच साप्ताहिकाच्या एका वाचकाने. वाचकाने म्हणजे बाईने. ती बाजारामागच्या गल्लीत शिलाईकाम करते आणि तिचा नवरा त्या आठांतला एक. तो भिंगरीशी बोलायला तयार होता. पण चोरून, कामाबाहेर, बंदराच्या चहाच्या टपरीवर. बाहेर कळलं तर त्याची धडगत नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. ताईलाही.

ताईने पत्र लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मी आंघोळ करून जेवायला बसलो होतो. 'समुद्रापलीकडच्या एका देशात आपली माणसं गोठलेल्या मासळीच्या पेट्या उचलतात...' वगैरे. चांगलं होतं. पण मला जांभई आली.

"काय झालं?" ताई म्हणाली.

"काही नाही. पण माणसं म्हणजे कोण? भिंगरी भेटणार कुणाला? त्याच्या घरी कोण आहे? असं हवेत काय लिहितेस?"

ताईने पेन उचललं. तिने शिलाईवालीला फोन लावला, मी समोरच होतो. "तुमच्याबद्दल दोन ओळी घालू का? नाव नाही घालत." तिकडून शिलाईवाली म्हणाली, "नाव नाही ना? मग घाला की." अर्ध्या तासात ताईने नवा परिच्छेद वाचला. 'दुसऱ्या पाळीतला एक माणूस आमच्या वार्ताहराची वाट पाहतो आहे. त्याची बायको आपल्याच शहरात शिलाई करते, आपलीच वाचक आहे. त्यांची मुलगी सायकल चालवायला शिकली, ते त्याने अजून पाहिलेलं नाही.' मी घास तसाच धरून म्हटलं, "मग?" ताई हसली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पत्र चार हजार वाचकांना गेलं. एरवी पैसे जमायला दीड-दोन महिने लागतात, या वेळी नऊ दिवस लागले. एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं, 'त्या मुलीला सांगा, बाबा येतोय.' कार्यालयात पेढेच वाटायचे बाकी होते. संपादक स्वतः ताईच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "आवाहनबाई, हे तुमचं सगळ्यात चांगलं पत्र." संपादक म्हणजे थंड डोक्याचा माणूस. घराला आग लागली तर आधी मथळा काय द्यायचा ते ठरवेल. त्याने असं म्हणणं मोठीच गोष्ट होती.

भिंगरी गेली. पहिल्या दिवशी मेसेज आला, पोचले. दुसऱ्या दिवशी, टपरी सापडली. तिसऱ्या दिवशी, तो आला नाही. चौथ्या दिवशीही आला नाही. पाचव्या दिवशी भिंगरीचा फोन आला तेव्हा मी कार्यालयाच्याच इमारतीत होतो, तिथली लिफ्ट माझ्याकडे आहे. वर गेलो तर ताई टेबलाची कडा धरून उभी होती, चेहरा पांढराफटक.

झालं होतं ते असं. ते पत्र कुणीतरी कुणालातरी पुढे पाठवलं, त्याने आणखी कुणाला, आणि फिरत फिरत ते एजंटच्या इथल्याच कचेरीत पोचलं. तिथून कंपनीकडे. दुसऱ्या पाळीत आपल्याकडचे तिघंच. बायको शिलाई करणारा आणि मुलगी असलेला त्यात एकच. नाव नव्हतं घातलं, पण पत्त्यासकट माणूस हातात दिला होता. झाकली मूठ होती ती आम्ही चौकात उघडून दाखवली. भिंगरी पोचण्याच्या दोन दिवस आधी त्याला एका गाडीत बसवून नेलं. कुठे, ते कुणी सांगत नव्हतं. कंपनी म्हणाली, तो काम सोडून गेला.

ताई घरी आली आणि बसलीच नाही. या खोलीतून त्या खोलीत, खिडकीपाशी, दारापाशी, परत. मी म्हटलं, "अगं, मुद्दाम केलंस का तू?"

"मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "मुद्दाम करणाऱ्याला निदान आपण काय करतोय ते कळतं."

त्याच्या घरी कोण आहे, हा प्रश्न विचारला कुणी होता, हे ती बोलली नाही. एकदाही नाही. तिने बोलावं म्हणून मी दोनदा मुद्दाम भांडण काढलं, तरी नाही. माझी नुसती चिडचिड होत होती. कामावर गेलो तर स्क्रू हातातून पडायचे. एका इमारतीत मी लिफ्टचं दार बंद न करताच निघालो होतो, वॉचमनने हाक मारली म्हणून बरं. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

भिंगरीचा फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी कार्यालयात बैठक झाली, आणि ताईने मला बरोबर यायला लावलं. संपादकांचं म्हणणं स्पष्ट होतं. वाचकांना एवढंच कळवायचं की काही अडचणींमुळे दौरा लांबला आहे. "चूक कबूल करू," ते म्हणाले, "पण आत्ता नको. आत्ता कबूल केली तर पुढच्या वेळी एक माणूस पैसे देणार नाही. मग पुढचे आठ जण कुठल्यातरी देशात अडकले तर जाणार कोण?"

"आणि हा एक?" ताई म्हणाली.

"त्याच्यासाठी भिंगरी आहे तिथे."

"भिंगरीचे पैसे रविवारी संपतात. मीच जमवलेत, मला माहीत नाही का?"

संपादकांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण ताई उठली, पर्स घेतली आणि म्हणाली, "आधी तिच्याकडे जाऊन येते. तिच्यापासून लपवून मी वाचकांना काही लिहिणार नाही." माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "चल."

शिलाईवालीचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे गाळा. गाळ्यात मशीन, कटिंगचं टेबल, भिंतीला खिळ्यावर लटकवलेले तयार कपडे. मुलगी शाळेत होती. ताईने दारातच सगळं सांगून टाकलं, पाणी घेण्याआधी. माझ्या पत्रामुळे झालं, असं म्हणाली. शिलाईवालीने ऐकून घेतलं. हातातली बाही तिने शेवटपर्यंत शिवली, दोरा तोडला, मग मशीनवर दोन्ही हात ठेवले.

"मी ते पत्र दहा वेळा वाचलं होतं," ती म्हणाली. "मला इतका आनंद झाला होता. म्हटलं, चला, कुणीतरी याच्याबद्दल लिहिलं. मला तरी कुठे सुचलं, की हे वाचून तेही ओळखतील?" मग तिचा आवाज चढला. "पण तुम्ही शिकलेल्या ना? तुमचं तर कामच ते! तुम्हाला कसं सुचलं नाही?"

मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात शिलाईवाली उठली. टेबलाच्या खणातून तिने मापांची जाडजूड वही काढली, पानं उलटली, आणि वही ताईसमोर टाकली.

"आता लिहा," ती म्हणाली. "लपून होता तोवर लपवणं ठीक होतं. आता त्यांना माहीतच आहे, माहीत नाही ते फक्त बाकीच्यांना. आता सगळं लिहा. फोटो छापा, नाव छापा. हे त्याचं माप. उंची, छाती, सगळं आहे. उजवा हात डाव्यापेक्षा पाऊण इंच आखूड आहे त्याचा, लहानपणी मोडला होता. मी शिवलेले शर्ट बरोबर बसतात. पण विकतचा घातला की उजवी बाही एक घडी दुमडतो. कंपनीचे कपडे विकतचेच असणार."

ताईने दुसरं पत्र तिथेच लिहिलं, कटिंगच्या टेबलावर, खडूच्या भुकटीत. संपादकांना तिने फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पाठवा. खाली माझंही नाव घाला." पत्रात काय होतं? आमच्या आधीच्या पत्रामुळे एक माणूस संकटात आला आहे. हा त्याचा फोटो, हे नाव, ही मापं, ही बाहीची घडी. आमच्या वार्ताहराला तिथे आणखी थांबायचं आहे. ज्यांना पहिले पैसे परत हवेत त्यांनी मागावेत. ज्यांचं त्या देशात कुणी असेल त्यांनी हे त्यांना पाठवावं. या वेळी कृपा करून ज्याला त्याला पाठवा.

पैसे परत मागितले एकशे बारा जणांनी. कडक भाषेत मागितले. निवृत्त मास्तरांनी तर असं झापलं की मी असतो तर रडलो असतो. ताईने प्रत्येकाला उत्तर लिहिलं. बाकीच्यांनी भिंगरीला आणखी तीन आठवडे पुरेल एवढं पाठवलं. पण खरी गोष्ट झाली ती वेगळीच. त्या देशात पावाची गाडी चालवणारा आपल्याकडचा एक माणूस होता. इथल्या त्याच्या बहिणीने त्याला ते पत्र पाठवलं. बंदरापासून तीन तासांवर मासळी साफ करण्याची एक शेड होती, तिथे तो रोज पाव पोचवायचा. पत्र गेल्यापासून सोळाव्या दिवशी त्याने भिंगरीला फोन केला. शेडच्या मागच्या दाराशी एक जण पेट्या रचतोय. दाढी वाढली आहे, फोटोसारखा दिसत नाही. पण उजवी बाही एक घडी दुमडलेली आहे.

पुढचं भिंगरीने तिच्या लेखात लिहिलंच आहे. वकील, कामगार संघटनेचा माणूस, कपाटातून काढलेला पासपोर्ट. मी इथे एवढंच सांगतो की तो परत आला. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तिकडेच राहिली. बाकीचे सात जण अजून तिथेच होते, करार संपेपर्यंत. चौकशी चालू होती, आणि त्यांचे फोन कंपनीने काढून घेतले होते.

तो आल्यावर चार दिवस ताईने जाऊ की नको करत काढले. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, आम्ही गेलो. तो कटिंगच्या टेबलाजवळ स्टुलावर बसला होता. शिलाईवालीने चहा ठेवला. मुलगी बाहेर गल्लीत सायकलवर फेऱ्या मारत होती, दारावरून गेली की घंटी वाजवायची. ताईने माफी मागितली. पाठ करून आली होती, पण मधेच अडखळली.

तो म्हणाला, "बायको सांगत होती, तुम्ही तिला विचारलं होतं."

"हो."

"मला कुणी विचारलं होतं?"

"नाही," ताई म्हणाली.

"तुमच्या त्या बाईंशी मी बोलायला तयार होतो. पत्रात यायला नव्हतो." तो आवाज न चढवता बोलत होता, त्यामुळे जास्तच लागत होतं. "पण बोटांचं मी काही म्हणत नाही. बोटं त्यांनी खाल्ली, तुम्ही नाही. माझं दुखणं वेगळंच आहे."

मग त्याने सांगितलं. त्याच्या शेजारच्या खाटेवर एक पन्नाशीचा माणूस होता, आपल्याकडचाच. सगळे त्याला मामा म्हणायचे. पहिल्या हिवाळ्यात मामाने स्वतःचं जॅकेट याला दिलं होतं आणि स्वतः दोन गोणपाटं गुंडाळून काम केलं होतं. टपरीवर कुणाला तरी भेटायचंय, हे त्या खोलीत फक्त मामाला माहीत होतं. साहेबाने जेव्हा याला बोलावून सगळं तोंडावर फेकलं, बायको काय करते, मुलगी काय शिकली, तेव्हा याला दुसरं कुणी सुचेचना.

"हे मी मामाला सांगितलं होतं, जेवताना. सायकलचं पण. मला वाटलं, यानेच विकलं मला. गाडीत बसवायच्या आधी मी मामाला मारलं. सगळ्यांसमोर. पत्र्याच्या मगाने. दात पडला त्याचा. आणि ओरडून सांगितलं सगळ्यांना, हा फितूर आहे म्हणून." त्याने दुखरा हात मांडीवर घेतला. "तो नुसता बघत राहिला. आता बाकीचे सहा जण त्याच्याशी बोलत नाहीत. त्याच्या शेजारी बसून कुणी जेवत नाही. निघताना संघटनेच्या माणसाने सांगितलं मला. करार संपायला अजून सात महिने आहेत."

मी दाराच्या चौकटीत उभा होतो. तिथून पळून जावंसं वाटलं. बाहेर घंटी वाजली.

"फोनवरून निरोप..." ताई म्हणाली.

"फोन नाहीत. आणि तोंडी निरोपावर कोण विश्वास ठेवेल? म्हणतील, कंपनीनेच बोलायला लावलं. माझ्या हातचा कागद पाहिजे, आणि तुमचं ते पहिलं पत्र पाहिजे, त्या सगळ्यांना दाखवायला. कुणीतरी हातात नेऊन द्यायला पाहिजे. तुमच्या बाईंना परत पाठवाल?"

भिंगरीला परत पाठवायचं म्हणजे पुन्हा तिकीट, पुन्हा गाडी. बातमी तर छापून झाली होती. आता नवीन काही नाही, नुसता एक माफीचा कागद पोचवायचा. त्यासाठी वाचक पैसे देतील? माझ्यासारखा लिफ्टवालाही सांगेल, नाही देणार. ताईने मात्र पर्समधून पॅड काढलं आणि टेबलाशी ओणवी झाली.

"पाठवते," ती म्हणाली. "पण या वेळी तुम्ही म्हणाल तेवढंच लिहीन."

त्याने एकेक ओळ ऐकली. कुठे जायचं ते लिहायचं नाही, का जायचं ते लिहायचं, असं दोघांनी ठरवलं. मामाचं नाव नाही, खूण नाही. ताई लिहीत होती आणि वाचत होती. 'आमच्या साप्ताहिकाकडून झालेल्या चुकीमुळे परदेशात एका निरपराध माणसावर संशय आला. गैरसमजातून एका कामगाराच्या हातून त्याला मारहाण झाली. तो माणूस आजही एकटा जेवतो. त्याच्यापर्यंत खरी गोष्ट पोचवायला आमच्या वार्ताहराला...'

"थांबा," तो म्हणाला. त्याने वाकून त्या ओळीवर अर्धं बोट टेकवलं. "एका कामगाराच्या हातून, हे खोडा. मी मारलं असं लिहा. माझं नाव घाला. त्याने काहीच केलं नव्हतं आणि मी मारलं."

शिलाईवालीने उठून दिवा लावला, भर सकाळी. ताईने ओळ खोडली आणि तो म्हणाला तसं लिहिलं. मग तिचं पेन तिथे थांबलं, वर गेलं, आणि 'आमच्या साप्ताहिकाकडून' हे शब्द तिने स्वतःच काट मारून घालवले. वर बारीक अक्षरात लिहिलं, ते पत्र मी लिहिलं होतं, आणि पुढे स्वतःचं नाव.

महिनाभर जे तोंडात घोळत होतं ते बाहेर यायला तयार नव्हतं.

"ताई," मी म्हटलं, "त्या माणसाच्या घरी कोण आहे ते लिही, असं सांगणारा मी होतो. तेही घाल."

तिने वर पाहिलं. त्यानेही पाहिलं, पहिल्यांदाच, मी कोण म्हणून.

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "सरक तिकडे, उजेड अडवतोयस." आणि मी सरकल्यावर तिने माझं नाव लिहिलं.